सगळेच नांदेडचे

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळाला पंजाबी शिकायची हुक्की आली, ती पंजाबात अतिरेक्यांनी बस अडवून, माणसं उतरवून मारल्याच्या बातम्या येऊ लागल्यावर. त्याआधी यातले कितीतरी जण तिथं पाच-पाच, सात-सात वर्षं काढून बसले होते. दूधवाल्याला हिंदीत हाक मारायची, शेजारीण काही बोलली तर हसून मान हलवायची आणि घरी येऊन म्हणायचं, "काय भाषा आहे बाई, प्रेमानं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं." आज ना उद्या बदली होणार, मग कशाला जीभ वाकडी करायची, असा सगळ्यांचा एकमुखी ठराव होता. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

मी नांदेडची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नवरा केंद्र सरकारच्या एका कचेरीत हिशेबनीस, त्याच्या बदलीबरोबर आम्ही तिकडे गेलो. मंडळात बहुतेक पुण्या-मुंबईचे, थोडे नाशिकचे. मी पहिल्याच हळदीकुंकवाला एकीला "काय करायलाव?" असं विचारलं आणि खोलीभर हशा पिकला. अध्यक्षांच्या बायकोनं तर मला मधोमध उभं करून म्हटलं, "अगं, परत एकदा म्हण ना. किती मज्जा वाटते ऐकायला." मी म्हटलं नाही. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी आखडू ठरले, आणि माझ्या लेखी त्या काय ठरल्या ते लिहिण्याजोगं नाही.

तर अशा या माणसांमध्ये एक दिवस नांदेडला एकदम भाव आला. त्याचं कारण असं, की नांदेडला हजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ती जागा. पंजाबातल्या कुठल्याही शीख माणसाला तुम्ही नांदेडचे म्हटलं की तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्या गल्लीतल्या सुतारानं मला गाव विचारलं आणि ऐकल्यावर हातातला रंधा खाली ठेवून हात जोडले होते. मला त्यात आपलं काही कर्तृत्व वाटलं नाही. जन्म कुठं व्हावा हे काही मी ठरवलं नव्हतं. पण ही गोष्ट मी मंडळात कधीतरी बोलून गेले होते, आणि बातम्या वाईट येऊ लागल्यावर कुणाला तरी ती बरोबर आठवली.

अध्यक्षांच्या बंगल्यावर रविवारी सकाळी पंजाबीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला त्यांच्याच कचेरीतले एक सरदारजी यायचे. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर अक्षरं काढली. अध्यक्ष म्हणाले, "ते राहू द्या हो. आम्हाला कामापुरतं सांगा." कामापुरतं म्हणजे किती, असं सरदारजींनी विचारलं. काम एकाच वाक्याचं होतं. 'असी हजूर साहिब तों आये हां जी.' आम्ही हजूर साहिबहून आलोय. ते वाक्य पुण्याच्या माणसांनी, दादरच्या माणसांनी, जन्मात गोदावरी न ओलांडलेल्या माणसांनी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून एका सुरात घोकलं. पोरांकडून पाठ करून घेतलं. बायकांनी स्वयंपाक करताना म्हणून पाहिलं. ते जमल्यावर पुढच्या रविवारी निम्मेच लोक आले, त्याच्या पुढच्या रविवारी सरदारजी स्वतःच आले नाहीत. वर्ग संपला. सगळे नांदेडचे झाले.

मला सांगा, बस अडवणारा माणूस उच्चार तपासतो का? तो डोक्याकडे बघत होता. पगडी आहे की नाही, एवढंच. जे बिचारे मारले गेले, ते घरीदारी पंजाबीच बोलत होते, आमच्या सात पिढ्यांना येणार नाही इतकी चांगली. हे साधं गणित अख्ख्या मंडळात एकालाही सुचू नये, आणि मी सुचवलं तर अध्यक्षांनी "वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता" असं म्हणावं, यावरून त्या व्हरांड्यात किती डोकी होती आणि किती नुसत्या टोप्या, ते समजावं. भीती वाटते याला माझं काही म्हणणं नाही. मलाही वाटायची. सतरा सेक्टरच्या स्टँडवर नवरा बसमध्ये चढला की तो परत येईपर्यंत मला काही काम सुचायचं नाही. पण घाबरलेल्या माणसानं घाबरल्यासारखं राहावं. भीतीला भाषेचं प्रेम म्हणून मिरवू नये.

आता खालच्या बीजींबद्दल. आम्ही ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्याच्या या मालकीणबाई; वडीलधाऱ्या बाईला तिकडे बीजीच म्हणतात. साठी ओलांडलेल्या, विधवा, पांढरी ओढणी, गुडघे धरलेले. मुलगा बँकेत होता. बीजींना पंजाबीखेरीज दुसरं काही धड येत नव्हतं, हिंदीसुद्धा मोडकीतोडकी. मी नांदेडची आहे हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवला. त्यांना जन्मात एकदा हजूर साहिबला जायचं होतं. मालक होते तेव्हा राहून गेलं. मग चौऱ्याऐंशी साल आलं. दिल्लीत त्यांच्या भावाचं दुकान जाळलं, भाऊ कसाबसा वाचला. तेव्हापासून मुलानं आईला आगगाडीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. दिल्लीवरून जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या लेखी जळत होती.

एका दुपारी बीजी जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, मला तुझी बोली शिकव.

मी म्हटलं, "बीजी, हजूर साहिबला सगळे पंजाबी बोलतात. तुम्हाला मराठीची गरजच पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडे मी काहीतरी अजागळ बोलल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, "पुत्त, गुरू महाराज ज्यांच्या गावात राहिले, त्या लोकांच्या घरी जायचं आणि त्यांना तुम्ही कसे आहात एवढंही विचारायचं नाही? मुक्यासारखं जाऊन मुक्यासारखं परत यायचं?"

मंडळाच्या व्हरांड्यातल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायला मला काय आवडलं असतं. पण समजलं नसतं.

बीजी शिकायच्या त्याही त्यांच्या पद्धतीनं. वही नाही, पेन्सिल नाही. मी चूल, पाणी, भाकरी अशी नावं सांगायला गेले तर त्या हात हलवून थांबवायच्या. त्यांना फक्त प्रश्न हवे असत. कसे हाव? कुठं जायलाव? लेकरं किती? पाऊस झाला का? काय रांधलं आज? मी म्हटलं, उत्तरंही शिका की. तर म्हणाल्या, उत्तरं ते लोक देतील. मंडळाला बोलणं तिथल्या तिथं संपवून टाकणारं एक वाक्य पुरलं होतं, बीजींना मात्र बोलायला सुरुवात करायची होती. आणि मी शिकवलेली मराठी नांदेडचीच होती. दुसरी मला शिकवायची नव्हती.

माझी मुलगी तेव्हा शाळेत जायची. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर, हे तिचं ठरलेलं. आम्ही रागवून, लाडावून, आमिष दाखवून थकलो होतो. बीजी जिन्यावरून ओरडल्या, "जेवलाव का?" की ती आतून खो-खो हसायची आणि धावत जाऊन म्हणायची, "बीजी, मला 'जेवलीस का' म्हणायचं. मी छोटी आहे." म्हणजे आईबापांसाठी जी भाषा तोंडातून निघत नव्हती, ती दुसऱ्याची चूक काढायला झकास निघाली. माणसाची जात इथून तिथून सारखीच.

अशात एक दिवस अध्यक्ष आमच्याकडे आले, गुढीपाडव्याच्या कार्यक्रमांची बैठक सांगायला. बीजी फाटकाशी उन्हात बसलेल्या. अध्यक्षांना काय वाटलं कोण जाणे, बहुधा पाठ केलेलं वाक्य बरेच दिवस वापरायला मिळालं नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि छाती काढून म्हणाले, "असी हजूर साहिब तों आये हां जी."

बीजी खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांचं दुखणं विसरून उठल्या. त्यांनी अध्यक्षांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि पंजाबीत धबधब्यासारखं विचारायला सुरुवात केली. घर कुठं, गोदावरी घरातून दिसते का, आई-वडील तिथंच असतात का, सकाळी गुरूंच्या दरबारात जाता का, पुढच्या वेळी घरी जाताना मलाही न्याल का. अध्यक्षांना एक अक्षर कळलं नाही. ते हसत राहिले आणि हां जी, हां जी म्हणत राहिले. प्रत्येक प्रश्नाला हां जी. मी वर गॅलरीत उभी होते. चहा देताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत." ते म्हणाले, "अहो वहिनी, बिचारीला बरं वाटलं. आपलं काय जातंय?"

काय गेलं ते संध्याकाळी कळलं. बीजींनी मुलाला सांगितलं, नांदेडचा एक मोठा साहेब आहे, देवमाणूस आहे, त्याचं घर गोदावरीवर आहे, तो घरी जाताना मला नेईल. मुलगा वर येऊन मला विचारू लागला. मी म्हटलं, तो साहेब नांदेडचा नाही, पुण्याचा आहे. पण उन्हाळ्यात तो सहकुटुंब गावी जातो, अंबाल्याहून पुण्याची गाडी धरतो, ती मनमाडवरून जाते. मनमाडला माझा भाऊ येऊन बीजींना उतरवून घेईल. मुलानं गाडीची वेळ, डबा, मनमाडला कोण येणार, सगळं खोदून विचारलं. शेवटी म्हणाला, "इतना बड़ा अफसर साथ होगा तो जाने दूँगा." चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं हो म्हटलं होतं. खाली बीजींनी त्याच दिवशी ट्रंक झाडून उन्हात ठेवली.

मी अध्यक्षांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. म्हातारी काही मागणार नाही, एका बाकावर बसून राहील, मनमाडपर्यंतचाच प्रश्न आहे. अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "अय्या, आमच्या डब्यात?" अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, वातावरण बघताय ना तुम्ही. दिल्लीच्या पुढे असे लोक बरोबर असले की आपल्याकडेही लोक बघतात. उद्या काही झालं तर? आणि पोरं आहेत बरोबर." मी म्हटलं, "पण तुम्ही हजूर साहिबचे ना?" त्यांना ते झोंबलं नाही. झोंबायला आत काहीतरी लागतं. ते म्हणाले, "ते वेगळं हो, ते बसपुरतं."

बसपुरतं. हा शब्द मी आजतागायत विसरलेले नाही. पंजाबात शिखांच्या पवित्र गावाचं नाव ढालीसारखं पुढं धरायचं आणि त्याच गावाला निघालेल्या म्हातारीला मात्र शेजारच्या बाकावर बसू द्यायचं नाही. गरज सरो, वैद्य मरो. इथं तर गरजही सरली नव्हती.

मी येऊन बीजींना सगळं खरं सांगितलं. साहेब येणार नाहीत, ते घाबरतात, आणि ते नांदेडचे नाहीतच. पहिलं त्यांनी लगेच मान्य केलं. म्हणाल्या, "डर तां सबनूं है, पुत्त." भीती सगळ्यांनाच आहे. दुसरं मात्र काही केल्या पटेना. "हजूर साहिबचं नाव घेऊन कोण खोटं बोलेल?" असं त्या मलाच विचारू लागल्या. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा असा झाला की जणू मीच एका भल्या माणसावर आळ घेतेय. मग मी नाद सोडला. ट्रंक पुन्हा आत गेली.

ती ट्रंक आत जाताना पाहिली आणि माझं डोकं फिरलं. आमचं गावी जायचं दिवाळीत ठरलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं, मी उन्हाळ्यातच जाते, मुलीला घेऊन आणि बीजींना घेऊन. त्याला रजा नव्हती. बीजींच्या मुलाला बायका-बायकांनी जाणं पसंत नव्हतं. तो आधी रागावला, मग स्वतः अंबाल्याला येऊन आम्हाला गाडीत बसवून गेला. गाडी सुटली तरी तो खिडकीचा गज धरून चालत होता.

दिल्ली गेली, तेव्हा मी बीजींचा हात धरून बसले होते. समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थानं आपली ट्रंक पायाखालून ओढून पलीकडे नेली, बीजींच्या ओढणीकडे आणि हातातल्या कड्याकडे बघत. मला त्याला दोन शब्द सुनवायचे होते, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले. बीजी डोळे मिटून गुरुवाणीचा पाठ म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी भुसावळला एक मराठी कुटुंब डब्यात चढलं. ते नीट बसायच्या आत बीजींनी त्या बाईला विचारलं, "कुठं जायलाव?"

बाई चपापली. मग म्हणाली, "मनमाडला. तुम्ही?"

"नांदेडला. लेकरं किती?"

मनमाड येईपर्यंत त्या बाईच्या सासूचं दुखणं, दिराचं वागणं आणि भाकरीबरोबरचा ठेचा, सगळं आमच्या बाकावर येऊन पडलं होतं. उत्तरं बीजींना निम्मीशीच कळत होती. पण त्या अशा ऐकायच्या की सांगणाऱ्याला ते जाणवू नये. आपली ट्रंक हलवणारे ते गृहस्थ हे सगळं बघत होते. भाकरी त्यांना कुणी विचारली नाही.

मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीनं आम्ही नांदेडला उतरलो. दर्शन झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते बीजींचं आहे. मी बाहेर ओसरीवर चपला सांभाळत बसले होते आणि त्या बाहेर आल्या तेव्हा मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी वेगळंच काढलं. माझ्या आईला बरोबर घेऊन त्या गल्ल्या पालथ्या घालू लागल्या. अध्यक्षांचं आडनाव त्यांच्या चांगलं लक्षात होतं. भाजीवालीला, पानवाल्याला, नदीवर धुणं धुणाऱ्या बायांना त्या थांबवून विचारत, यांचं घर कुठं? चंदीगडला मोठे साहेब हायेत ते. त्यांच्या आईला भेटायचंय. माझ्या आईला मी सगळं सांगितलं होतं. ती मला म्हणाली, "मी काय सांगू गं तिला? एवढ्या मायेनं विचारायलीय." म्हणून तीही उन्हातान्हात बरोबर हिंडली. घर अर्थात सापडलं नाही. निघताना बीजींनी अध्यक्षांसाठी बत्ताशांच्या प्रसादाची पुडी वेगळी बांधून घेतली.

सप्टेंबरात गणपती आले. एक शीख म्हातारी मराठी बोलते ही बातमी एव्हाना मंडळात पसरली होती. अध्यक्षांनी ती ऐकली आणि त्यांना भाषणाचा विषय मिळाला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर यायचा होता, तेव्हा बीजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. मी नाही म्हणणार होते, पण बीजींना पुडी द्यायची होती. त्या उन्हाळ्यापासून ती जपून ठेवून बसल्या होत्या.

अध्यक्ष बरंच बोलले. भाषा हा पूल आहे, आपल्या मंडळानं या कठीण काळात पंजाबीचे वर्ग चालवले, त्याच प्रयत्नांतून आज या माताजी मराठी बोलत आहेत, असं बरंच काही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी व्यासपीठावर, फेटा बांधलेला पाहिला. टाळ्या पडल्या. मग शाल झाली, नारळ झाला, आणि कुणीतरी म्हणालं, बीजी, दोन शब्द बोला की मराठीत. पुढच्या रांगेतल्या बायका आधीच तोंडाला पदर लावून तयार होत्या. अध्यक्षांची बायको मधोमध.

बीजींनी माइककडे पाहिलंसुद्धा नाही. त्या अध्यक्षांकडे वळल्या आणि मी शिकवलेल्या मराठीत, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमचं घर मी लई धुंडलं. गल्लीगल्लीत विचारलं. नांदेडात तुमाला कुणीच ओळखत नाही."

पदर तोंडावरच राहिले. कुणी हसलं नाही. त्या हॉलमध्ये बसमधलं ते वाक्य पाठ नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

अध्यक्ष म्हणाले, "हां जी, हां जी." पंजाबीत.

बीजींनी पुडी काढली. अध्यक्षांनी एक हात पुढं केला. बीजींनी त्यांचा दुसरा हात धरून तो पहिल्या हाताखाली नीट लावला, लहान पोराला लावून द्यावा तसा, आणि ओंजळीत पुडी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर टोमण्याचा लवलेश नव्हता. तो असता तर अध्यक्ष सुटले असते.

"किती साल झाले घरी जाऊन?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी अध्यक्षांच्या हातावर थोपटलं. "भिऊ नका. रस्ता मला ठाव हाय. पुढच्या खेपेला माझ्यासंगं चला, मी नेते तुमाला."